कारण लिहा

एकदा एक व्यापारी एका गावात दूध तपासण्याचे यंत्र घेऊन आला. यंत्र पांढरेशुभ्र होते, पुढे चकचकीत पडदा होता आणि मागे लाल सील होते. दूध संस्थेच्या ओट्यावर ते ठेवून व्यापाऱ्याने हात जोडले.

"मंडळी, यंत्र मोफत. कंपनीकडून भेट. तुम्ही फक्त दूध घाला. फॅट किती, पाणी किती, डोळ्याचं पातं लवायच्या आत पडद्यावर. आता वाद नको, भांडण नको."

तोवर त्या संस्थेत दूध तपासण्याची रीत वेगळी होती. कॅन ओट्यावर ठेवायचा, फेस बसू द्यायचा, मग दुधात तरंगणारी काचेची नळी सोडायची आणि ज्याचे दूध त्याने स्वतः वाकून रेघ बघायची. वाचता येवो वा न येवो, वाकायचे सगळेच. "माझी रेघ वर हाय, तुझा डोळा खाली हाय," अशी रोजची थट्टा चाले. वेळ जाई, हे खरे. नव्या सेक्रेटरीला तर फेस बसेपर्यंत थांबणे म्हणजे शुद्ध आळस वाटे.

त्याच गावात एक वृद्ध गुरुजी राहत. आयुष्यभर शाळेत शिकवून आता ते एक तांबडी गाय सांभाळत आणि कुणी विचारले तरच बोलत. त्यांचा एक शिष्य होता. शहरात अभियांत्रिकी शिकून गावी परतलेला, लिनक्सचा निस्सीम भक्त. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी अशी प्रणाली, की जिची आतली प्रत्येक ओळ कुणालाही वाचता येते, बदलता येते आणि बदललेली दुसऱ्याला देता येते. शाळेने भंगारात काढलेले संगणक त्याने लिनक्स घालून पुन्हा उभे केले होते. त्याच्या लॅपटॉपच्या झाकणावर लिनक्सचे चिन्ह असलेला पेंग्विन चिकटवलेला होता, म्हणून गावाने त्याचेच नाव पेंग्विन ठेवले होते.

शिष्य पुढे आला. "ह्याच्या आत काय आहे?"

"आत? आत तंत्रज्ञान आहे," व्यापारी म्हणाला.

"ते दिसतंय. दुधात पाणी आहे की नाही, हे ते कशावरून ठरवतं? तो प्रोग्राम वाचायला मिळेल?"

व्यापारी हसला. "साहेब, ते कंपनीचं गुपित. विमानात बसताना इंजिन उघडून दाखवा म्हणता का?"

"मी नाही म्हणत. पण असं म्हणायचा हक्क कुणाला तरी आहे, आणि तो ते उघडून बघतो, म्हणून मी बसतो."

"ए पेंग्विन, गप की जरा," संस्थेचे चेअरमन म्हणाले. "तुझं ते लिनक्स फुकट, ह्यांचं यंत्रबी फुकट. दोन फुकट्यांत भांडण कशाला?"

ओट्यावर हशा पिकला. शिष्याचे कान लाल झाले. "चेअरमनसाहेब, मी दिलं ते उघडं दिलं. उद्या मी मेलो तरी शाळेचे संगणक दुसरा कुणी चालवेल. हे देतायत ते सील करून. आणि ज्याला सील आहे ती भेट नसते, ते परक्याचं ठाणं असतं!"

"अरे, तालुक्याच्या कार्यालयाचं पत्र आलंय. प्रमाणित यंत्रावरच दूध घ्या म्हणून."

"प्रमाणित कुणी केलं?"

चेअरमनांनी व्यापाऱ्याकडे पाहिले. व्यापारी म्हणाला, "कंपनीचाच स्वतंत्र विभाग आहे ना."

यावर कुणी हसले नाही. कुणी रागावलेही नाही. वास्तविक गावाने त्याच क्षणी रागवायला हवे होते. ज्याने माप बनवले त्यानेच ते खरे असल्याचा दाखला द्यायचा, आणि सरकारने त्या दाखल्यावर शिक्का मारून तो जनतेच्या माथी मारायचा! पण वाचकहो, आपण तरी कुठे रागावतो? करारपत्रात स्पष्ट लिहिले होते की सील तोडता येणार नाही आणि यंत्राचा निकाल अंतिम राहील. चेअरमनांनी न वाचता सही केली. आपण दररोज 'मला मान्य आहे' या चौकोनावर बोट टेकवतो, तितक्याच सहजतेने.

यंत्र बसले. काचेची नळी कपाटात गेली. संस्थेच्या दाराशी एक काळा फळा टांगला गेला आणि त्यावर खडूने मथळा लिहिला गेला: 'भेसळ करणारे सभासद'. यंत्राने पाणी दाखवले की नाव फळ्यावर जायचे, आणि नाव गेले की दूध घेणे बंद.

पहिलेच नाव चढले ते धुरपताबाईचे.

धुरपताबाईचा गोठा संस्थेच्या भिंतीला लागून होता. धार काढली की चार पावलांत ती ओट्यावर. गावात सर्वांत आधी येणारे आणि सर्वांत ताजे दूध तिचे. ग्रामदैवताच्या अभिषेकाचे दूध तिच्या सासूच्या सासूपासून त्याच घरातून जात असे. त्या बाईच्या दुधात यंत्राने पाणी दाखवले.

"दाखव ना बाबा, कुठं हाय पाणी?" ती सेक्रेटरीला म्हणाली.

"पडद्यावर हाय ना मावशे. बघ."

"पडद्यावर आकडा हाय. पाणी कुठं हाय?"

"यंत्र खोटं बोलत नाही," मागून चेअरमन म्हणाले.

हे वाक्य ज्याने प्रथम उच्चारले त्याने माणसाचे मोठे नुकसान केले आहे. यंत्र खोटे बोलत नाही, हे कबूल. ते खरेही बोलत नाही. कुणीतरी त्याला जे बोलायला शिकवले, ते बोलते. आणि काय शिकवले ते दाखवायला नकार देणारा मनुष्य ज्या ऐटीत 'यंत्र खोटे बोलत नाही' म्हणतो, ती ऐट मला सहन होत नाही.

धुरपताबाईने दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत कॅन घासून, पालथा घालून, वाळवून नेला. तिला वाटले, यंत्राला दया येईल. पडद्यावर पुन्हा पाणी. तिसऱ्या दिवशी देवळातल्या पुजाऱ्याने तिचा तांब्या हातात न घेताच म्हटले, "राहू द्या आता, दुसरीकडून आणवलंय." ती तांब्या घेऊन परत आली. तिचा नवरा गुडघ्यांनी अधू, गोठ्याच्या दारात बसलेला. त्याने भरलेला तांब्या पाहिला आणि विचारले, "तू खरंच पाणी टाकलं न्हाईस ना गं?" तिला फळ्यापेक्षा हे लागले.

इकडे शिष्य पेटला होता. संस्थेच्या सभेत त्याने भाषण ठोकले. सोर्स कोड, परवाना, डिजिटल सार्वभौमत्व, सार्वजनिक पैशातून घेतलेले सॉफ्टवेअर सार्वजनिकच हवे, सरकारी अर्ज एकाच कंपनीच्या प्रोग्राममध्ये उघडतात ही शरमेची बाब आहे, असे सगळे. शब्द न् शब्द खरा होता. मागच्या रांगेत दोघे डुलक्या काढत होते. एका म्हाताऱ्याने उठून विचारले, "बाळा, तू नेमका कुणाकडनं उभा राहणार हायस?" पुन्हा हशा.

तो तणतणत गुरुजींकडे गेला. गुरुजी गाईपुढे कडबा टाकत होते.

"गुरुजी, हे लोक गुलामीच्याच लायकीचे आहेत. मी त्यांना सांगतोय की तुमच्या डोळ्यांवर पट्टी बांधलीय, आणि हे म्हणतात पट्टी मऊ आहे! मी ते सील तोडतो. होऊ दे काय व्हायचं ते."

"तोडशील. मग?"

"आतला प्रोग्राम काढीन."

"मग?"

"मग... लोकांना दाखवीन."

"डुलक्या काढणाऱ्यांना?"

शिष्याने हातातली कडब्याची काडी मोडली.

"धुरपताला भेटलास?"

"त्यांचंच तर उदाहरण आहे ना गुरुजी हे."

"उदाहरणाला भेटलास का, असं विचारतोय."

शिष्याने मान खाली घातली. इतक्या दिवसांत तो त्या बाईच्या दारात गेला नव्हता.

गुरुजी म्हणाले, "उद्या सकाळी ही तांबडी सोडून संस्थेच्या ओट्यापाशी आण. धार काढायच्या आधी आण."

"गाय? ओट्यापाशी? कशाला?"

"आणि चरवी रिकामी आण. मोकळी, कोरडी."

दुसऱ्या दिवशी सकाळी, कॅन घेऊन रांगेत उभे असलेल्या सगळ्या गावासमोर, गुरुजींनी ओट्याच्या पायरीला गाय बांधली. चरवी उलटी करून सर्वांना दाखवली. मग पायरीवर टेकून स्वतः धार काढू लागले. ऐंशी वर्षांचा मनुष्य भर रांगेत धार काढतोय हे पाहून बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. "गुरुजी, पेन्शन बंद झाली काय?" कुणीतरी विचारले. गुरुजींनी मान वर केली नाही. चरवी फेसाने भरली तसे ते उठले आणि सेक्रेटरीला म्हणाले, "घाल यंत्रात."

सेक्रेटरीने दूध घातले. पडदा उजळला. सेक्रेटरी पडद्याकडे पाहत राहिला.

"मोठ्यानं वाच," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी... पाणी दाखवतंय."

"लिही मग."

"काय?"

"माझं नाव. फळ्यावर. धुरपताच्या खाली."

एकच कल्लोळ उठला. "काहीतरी काय, गुरुजी!" "आमच्या डोळ्यांदेखत काढलंय की दूध!" चेअरमन धावत आले. "छे छे, यंत्राचंच काहीतरी बिघडलंय. गुरुजींचं नाव फळ्यावर? शक्यच नाही!"

"का शक्य नाही?"

"अहो, यंत्र चुकलं असेल."

गुरुजी प्रथमच मोठ्याने बोलले. "धुरपता म्हणत होती यंत्र चुकलं. तेव्हा तुम्ही काय म्हणालात, चेअरमन?"

चेअरमनांनी खिशातला फोन चाचपला.

"बोला की. यंत्र खोटं बोलत नाही, असं म्हणालात. एका बाईच्या दुधात यंत्र खरं आणि मास्तरच्या दुधात खोटं? लिही रे पोरा. खडू घे."

सेक्रेटरीने नाव लिहिले. चेअरमनांनी व्यापाऱ्याला फोन लावला. तो तालुक्यातच होता, जीप घेऊन आला. तोवर रांग जागची हलली नव्हती. व्यापाऱ्याने घाम पुसत यंत्राची तार काढली, पुन्हा घातली. हा त्यांच्याकडचा सार्वत्रिक उपाय आहे. मग ओट्यावर तशीच राहिलेली गुरुजींची चरवी उचलून त्याने तेच दूध पुन्हा यंत्रात घातले.

पडद्यावर पाणी शून्य.

"बघा! यंत्र ठणठणीत आहे," व्यापारी आनंदाने ओरडला.

"आणि पाणी कुठं गेलं?" रांगेतून कुणीतरी म्हणाले.

"गाईनं परत पिऊन टाकलं!"

हसता हसता लोक हळूहळू हसायचे थांबले. दूध तेच होते. यंत्रही तेच होते. आणि मधल्या वेळात एक मनुष्य भेसळखोर ठरून पुन्हा सज्जन झाला होता.

गुरुजींनी व्यापाऱ्याला जवळ बसवले. "हे कशामुळे झालं, सांगाल?"

"गुरुजी, मी कंपनीला कळवतो. पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त होऊन येईल."

"काय दुरुस्त होऊन येईल?"

"जे काय असेल ते."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक नाही?"

व्यापाऱ्याने इकडेतिकडे पाहिले. त्याचा आवाज खाली आला. "खरं सांगू? मलाही आतलं काही माहीत नाही हो. आम्हाला पण सील तोडता येत नाही. मी नुसतं विकतो."

शिष्य ताडकन उठला. "ऐकलंत? ऐकलंत सगळ्यांनी? विकणाऱ्याला माहीत नाही, घेणाऱ्याला माहीत नाही, सक्ती करणाऱ्या कार्यालयाला माहीत नाही, आणि ह्याच्या जोरावर तुम्ही एका बाईला..." त्याने फळ्याकडे बोट केले. या वेळी मात्र कुणी त्याला पेंग्विन म्हटले नाही.

गुरुजींनी त्याला हाताने खाली बसवले आणि मग ते बोलले. फार बोलले नाहीत.

"ताज्या धारेच्या दुधात हवा अडकलेली असते. तेवढा वेळ ते हलकं भासतं. आपण फेस बसू द्यायचो तो त्यासाठी. हलकं म्हणजे पाण्याचं, असं बहुधा कुणीतरी दूर शहरात बसून ह्या पेटीत लिहून ठेवलंय. त्याला धुरपताचा गोठा ओट्याला लागून आहे हे माहीत नसणार. चूक कुणाचीही होते. मी तरी काय, बहुधाच म्हणतोय. माझ्या गावातल्या बाईची अब्रू कशानं गेली, हे मला तर्कानं सांगावं लागतंय, ह्याचा मला राग आहे. काचेची नळीही चुकायची. पण ती आपल्यासमोर चुकायची, आणि आपण वाकून तिच्याशी भांडायचो. ज्याच्याशी भांडता येत नाही, त्याला माप म्हणू नये. त्याला हुकूम म्हणावं."

मग ते शिष्याकडे वळले. "तुझं म्हणणं पहिल्या दिवसापासून खरं होतं. पण तू प्रोग्राम मोकळा करायला निघाला होतास. प्रोग्रामाला काय, बंद काय अन् मोकळा काय. अडकली होती ती धुरपता."

चेअरमनांनी घाईने ओले फडके मागवले. "झालं ते झालं. पुसून टाका दोन्ही नावं."

गुरुजींनी फडके धरले. "माझं नंतर. आधी तिला विचारा."

धुरपताबाई गर्दीच्या मागे उभी होती. लोकांनी वाट दिली. ती फळ्यापाशी आली आणि आपल्या नावाकडे बघत राहिली. वाचता येत नसले तरी ते कुठे आहे हे तिला पाठ झाले होते.

"पुसू नका," ती म्हणाली.

"अगं मावशे, पुसतोय ना आम्ही. सुटलीस तू," सेक्रेटरी म्हणाला.

"कशी सुटले? पुसल्यावर लोक म्हणतील, पुसलं. फळ्यावर पांढरं फराटं राहील. उद्या सूनबाई आली की तिला सांगतील, हितं नाव होतं." तिने फळ्यावर बोट ठेवले. "नाव राहू द्या. म्होरं कारण लिहा. का चढलं ते लिहा. येणारा जाणारा वाचू दे."

शिष्य तिच्याकडे टक लावून पाहू लागला. त्याच्या जगात हीच रीत होती. चूक लपवायची नाही, सर्वांना दिसेल अशी उघड्यावर नोंदवायची, कारणासकट. सगळ्या दुनियेतले अनोळखी लोक त्या नोंदी वाचतात, म्हणूनच ती प्रणाली उभी आहे. हे त्याने सभेत तासभर सांगितले होते आणि कुणाला कळले नव्हते. ती एका वाक्यात मागत होती.

सेक्रेटरीने खडू उचलला. "काय लिहू कारण?"

सगळ्यांनी व्यापाऱ्याकडे पाहिले. व्यापारी म्हणाला, "फेसामुळे, असं लिहा ना."

"कंपनी लिहून देईल तसं?" गुरुजींनी विचारले.

"नाही... ते गुपितात मोडतं. तसं लेखी नाही देता येणार."

खडू हवेत थांबला. कारण कुणाकडेच नव्हते. रांगेत कॅन घेऊन उभे असलेले सगळे त्या थांबलेल्या खडूकडे पाहत होते.

"मंग तेच लिही," धुरपताबाई म्हणाली.

सेक्रेटरीने लिहिले. धुरपता कोंडिबा ठोंबरे. कारण: कंपनी सांगत नाही. त्याखाली गुरुजींचे नाव. कारण: कंपनी सांगत नाही.

मग रांगेतला पहिला मनुष्य आपला कॅन घेऊन पुढे सरकला, यंत्रापाशी पोहोचला आणि फळ्याकडे पाहून थांबला. आपले नाव तिथे चढले तर पुढे काय लिहिले जाईल, हे त्याला आता ठाऊक होते. त्याने कॅन यंत्रापासून दूर ओट्याच्या कडेला ठेवला.

"फेस बसू द्या," तो म्हणाला. "आन् ती नळी काढा कपाटातनं."

त्याच्या मागच्यानेही कॅन तिथेच ठेवला. शिष्याने कपाट उघडून नळी काढली, आपल्या सदऱ्याने पुसली आणि पहिल्यांदा ती धुरपताबाईच्या हातात दिली. तिने ती उजेडात धरून उलटसुलट पाहिली. देवळातला पुजारी रांगेच्या टोकाला येऊन उभा होता. त्याच्या हातात रिकामा तांब्या होता.

ज्या यंत्राला 'का?' असे विचारता येत नाही, ते आपल्या कार्यालयात, शाळेत किंवा मतांच्या मोजणीत आणून बसवण्यापूर्वी, त्याच्याशेजारी एक फळा टांगायला तेवढे विसरू नका.